शंभर मोजेपर्यंत

दमलेल्या पोराचा नेम डावीकडे-उजवीकडे जात नाही, आखूड पडतो. हे मला चौदाव्या वर्षी कळलं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. लोक म्हणतात, शिकलेलं कधी वाया जात नाही. डोंबल! माझं एवढंसं शिकलेलं वायाच गेलं, आणि जाताना घरातला एक माणूस घेऊन गेलं. आता साठी उलटली आहे. अकोल्यातल्या माझ्या खोलीत बसून हे लिहितो आहे, तर सरळच सांगतो. आम्हा वऱ्हाडच्या लोकांना आडवळणानं बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी या गोष्टीला ते शोभलं नसतं.

आमचं गाव भातकुलीच्या अंगाला, पेढी नदीच्या काठावर. अमरावतीच्या बाजारात कापूस न्यायचा तर नदी ओलांडावीच लागे. ती वर्षं तेजीची होती. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी भाव चढला होता. लढाई कोण कोणाशी करतंय हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. "चालू दे बाप्पा अजून दोन-चार वर्सं," एवढंच जो तो म्हणे. त्या वर्षांत सगळ्यांना घाई झाली होती. वेचायची घाई, हातानं फिरवायच्या रेच्यावर सरकी काढायची घाई, आपली गाडी दुसऱ्याच्या आधी बाजारात उभी करायची घाई. पूर्वी म्हातारे पारावर बसत, ते बसायचेसुद्धा बंद झाले.

माझा बाप मी तीन वर्षांचा असताना गेला, आणि आई त्याच्या मागोमाग. काकानं मला वाढवलं. काकाचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणायचो. काकूनं आम्हा दोघांत भाकरीचा फरक कधी केला नाही. तरी मला तो दिसायचा. नसलेला फरक मी शोधून काढायचो, असा माझा स्वभाव. नाकावर राग घेऊनच जन्मलो होतो.

रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोरा कसा भरत हे आताच्या पोरांना सांगावं लागतं, कारण आता सगळं वाफेच्या यंत्रावर दाबतात. आमच्या अंगणात दोन खांब रोवलेले होते, त्यांवर आडवी बल्ली, आणि बल्लीला टांगलेला दीड पुरुष उंचीचा रिकामा बोरा. त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून बांबूचं गोल कडं शिवलेलं. काका शिडीवरून चढून आत उतरायचा. आम्ही पोरं खालून रुईचे गोळे वर फेकायचो आणि तो आतमध्ये ते पायांनी तुडवत, दाबत हळूहळू वर यायचा. बोरा भरत आला की आधी त्याचं डोकं दिसे, मग खांदे. सैल रुई उडत नाही, म्हणून ती नारळाएवढी घट्ट वळायची, वर पाण्याचा हलका हात फिरवायचा. हे व्यापाऱ्याला सांगायचं नसे. आता सांगितलं तरी हरकत नाही, तो कधीच मेला.

गोळा कड्यात पडला पाहिजे. खाली पडला की त्याला माती लागे, काडी-कचरा लागे, आणि बोऱ्याच्या आतून काकाच्या शिव्या येत. काकाला आतून फक्त वरचं गोल आभाळ दिसायचं. तरी कोणता गोळा कोणाचा हे तो न बघता ओळखी. "हा माह्या पोराचा. हा तुहा. तुहा जरा तिरपा येते, पन येते बरोबर!" ते ऐकलं की मला दिवसभर पुरे.

गावात एक रीत होती. दिवाळीनंतर पहिला बोरा टांगला की आळीतली सगळी पोरं जमत. प्रत्येकाला दहा गोळे. ज्याचे जास्त आत पडतील त्याचा त्या हंगामाचा मान. मग कोणाच्याही अंगणात नवा बोरा टांगला की पहिला गोळा त्यानं टाकायचा, गूळ-खोबरं खायचं, मग बाकीच्यांनी हात लावायचा. मानाच्या पोराला वावरातून बोलावून आणत. तो येईपर्यंत अख्खं घर हातावर हात ठेवून बसे. तेजीची इतकी घाई, पण या एका बाबतीत कोणाला घाई नसे. तीन हंगाम लागोपाठ मान दादाचा होता.

मला तो हवा होता. हे लपवण्यात काही अर्थ नाही. मी दादाला बघू लागलो, रोज, चोरासारखा. सकाळी त्याचे दहातले नऊ-दहा आत. दुपारी वावरातून कापसाची गाठोडी डोक्यावर आणून तो लगेच फेकायला उभा राहिला की पाच, फार तर सहा. आणि चुकलेला प्रत्येक गोळा कड्याच्या अलीकडच्या बाजूला आपटायचा. बाजूला कधी गेला नाही. मी नीट पाहिलं तेव्हा उमगलं की त्याचा हात दमलेला नसायचा, गुडघे दमलेले असायचे. ताजा असताना तो आधी खाली वाकायचा आणि मग सगळं अंग वर यायचं, गोळा उंच चढून कड्यात अल्लद उतरायचा. दमलेला असला की वाकायचाच नाही, नुसत्या खांद्याच्या जोरानं फेकायचा. जोर जास्त लागे, पण गोळा सपाट जाई. आणि गंमत ही की त्याला स्वतःला ते समजतच नसे, असं मला वाटायचं. "आज काय झालं बे हाताले?" म्हणून तो हाताकडं बघत बसे.

मग मी स्वतःवर करून पाहिलं. विहिरीपर्यंत पळत जायचं, पळत यायचं, लगेच गोळा फेकायचा. आखूड. पुन्हा पळायचं, मग उभ्या उभ्या पन्नास मोजायचे, मग फेकायचं. कधी आत, कधी कड्यावर. शंभर मोजले की हात पूर्ववत. पंचवीस-तीस वेळा केलं असेल. शंभर मोजेपर्यंत श्वास खाली बसतो, गुडघ्यांत जीव येतो, नेम परत येतो. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, मला सोडून.

आणि या शहाणपणाचा मी काय उपयोग केला, तर त्या वर्षीच्या दिवाळीनंतर, मानाच्या दिवशी, गोळे फेकायच्या जरा आधी दादाकडं गेलो आणि म्हणालो, "दादा, धावत जाय, आपला बैल सुटला अन नदीकडं पयाला." तो गेला तीरासारखा. धापा टाकत परत आला आणि हसत म्हणाला, "अबे, बैल तं बांधूनच हाय!" तेवढ्यात त्याची पाळी आली. मी त्याला एक क्षण बसू दिलं नाही. "चाल, चाल, सगळे थांबले." त्याचे पाच पडले. माझे आठ. पोरांनी मला उचलून घेतलं.

बोऱ्यातून काकाचा आवाज आला. "थांबा रे. माह्या पोराचे गोळे आज कड्यालेच लागून राहिले. काहून?" तो वर चढून बाहेर आला, शिडीवर उभं राहून त्यानं दादाची छाती पाहिली, अजून वरखाली होत होती. मग माझ्याकडं पाहिलं. काकाला काही विचारावं लागलं नाही, माझं तोंडच सांगत होतं. सगळ्या आळीदेखत तो म्हणाला, "तुह्या हातात नेम हाय पोट्ट्या, मनात नाही. हा मान तुहा नाही होय."

मारलं असतं तर मी विसरलो असतो. त्यानं मारलं नाही. मान दादाला परत दिला. मी गूळ-खोबऱ्याच्या ताटाला लाथ मारली आणि गोठ्यात जाऊन बसलो, आणि शपथ घेतली की आता मेलो तरी या घरचा गोळा हातात धरणार नाही. दादा मागोमाग आला. "चाल ना बे. मले काही राग नाही." त्याला खरंच राग नव्हता. त्यानं तर मला जास्तच मिरच्या झोंबल्या. महिनाभर मी बोऱ्याकडं फिरकलो नाही, काकाशी तुटक बोलायचो, जेवताना पाठ करून बसायचो. काकू म्हणे, "भल्ला ताठा गा तुहा, कोनावर गेलास!"

मार्गशीर्षात चार बोरे तयार झाले. आभाळ दोन दिवसांपासून भरलेलं होतं, ते दिवस पावसाचे नव्हेत, तरी वरच्या अंगाला कुठंतरी पडत होता, आमच्याकडंही रात्री एक सर येऊन गेली होती. शेजारच्या दोन गाड्या आदल्या दिवशीच अमरावतीला गेल्या होत्या. काकाला दम निघेना. सकाळी गाडी जुंपताना त्यानं मला हाक मारली. "चाल, अमरावती दाखवतो तुले. जिलबी खाऊ." रुसवा काढायची ही त्याची तऱ्हा होती. मी गेलो, पण गाडीत बसलो नाही. चार बोऱ्यांवर बसायला ऐसपैस जागा होती. तो म्हणाला, "बस ना बे, पाय दुखतीन." मी मुद्दाम वीस पावलं मागं राहून चालत राहिलो. म्हणून गाडी पाण्यात शिरली तेव्हा मी काठावर होतो. शेजारी बसलो असतो, तर ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो किंवा सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. कितीदा वाटतं, तसंच व्हायला हवं होतं.

गाड्या जिथून नदी ओलांडत त्या उतारावर पाणी गुडघाभरच होतं. मधोमध गेल्यावर एक चाक गाळात बसलं. काका उतरून चाकाला खांदा लावत होता तेवढ्यात वरून लोंढा आला. गढूळ, काड्याकाटक्यांनी भरलेला. बघता बघता पाणी कमरेला. काकानं शहाणपण केलं, आधी बैल सोडले. ते पोहत माझ्याकडच्या काठाला लागले. तोवर पाणी छातीशी आलं होतं, मग तो बोऱ्यांवर चढला. त्याला पोहता येत होतं म्हणा, विहिरीत पोहतात तितपत. त्या पाण्यात झाडाची खोडं वाहत होती.

मी ओरडलो. काठाला ज्याचा भाजीचा मळा होता तो म्हातारा माळी आपल्या मोटेचा अंबाडीचा दोर घेऊन आला, आणखी चार-पाच माणसं आली. माळ्यानं दोराच्या टोकाला लाकडाची खुंटी बांधली, म्हणजे फेकता येईल. काठावरच्या खडकापासून गाडी वीस-पंचवीस हात होती. मी दोराकडं हात केला. माळी म्हणाला, "थांब. कोरडा दोर येकदाच कोरडा असते. भिजला का तो कोनाच्यानं फेकवत नाही. पयला हात चांगल्या हाताचा पायजे."

चांगला हात कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सगळ्यांच्या तोंडी एकच. मानाच्या पोराला बोलवा. काकासुद्धा बोऱ्यांवरून ओरडला, "त्याले बोलवा! तू नको टाकू, दोर भिजन!" एक जण धावत सुटला. दादा त्या दिवशी अर्धा कोस लांबच्या वावरात कापूस वेचत होता.

काका घाबरून ओरडला होता. दोर भिजेल ही भीती होती त्याला, दुसरं काही नव्हतं. आज समजतं. तेव्हा मला त्यातलं फक्त "तू नको" ऐकू आलं. महिनाभर उकळत होतं ते सगळं वर आलं. मनात म्हणालो, ठीक आहे, बोलवा मंग त्यालेच.

माळ्यानं दोर माझ्या खांद्यावर दिला. "वल्या जमिनीले टेकू देऊ नको." म्हणून त्या कोरड्या दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन मी खडकावर उभा राहिलो. किती वेळ, नक्की सांगता येणार नाही, पण बराच. गाडी हलत होती, पण उभी होती. बोरे पाणी पिऊन जड झाले होते म्हणूनच ती टिकली, असं माळी म्हणाला. मी दमलेलो नव्हतो. गुडघे ताजे होते. पंचवीस हात मी गोफणीनं नव्हे, नुसत्या हातानं दगड टाकायचो. मनात दहा वेळा फेकून पाहिला दोर, दहाही वेळा काकाच्या हातात पडला. आणि तरी मी फेकला नाही.

दादा आला. आमच्या काळ्या मातीतून पाऊस पडल्यावर जो धावला असेल त्यालाच ते समजेल. एकेका पायाला शेर-शेर मातीचे गोळे लागतात, ते घेऊन तो अर्धा कोस धावला होता. तोंड उघडं, ओठ पांढरे, गुडघे थरथरत होते. बोलता येत नव्हतं त्याला, नुसता हात पुढं केला. मी दोर त्याच्या हातात दिला.

आणि माझ्या मनात मोजणं सुरू झालं. मी सुरू केलं नाही, सवयीनं आपोआप झालं. एक, दोन, तीन.

मला ठाऊक होतं. त्या काठावर आठ-दहा माणसं होती, पाण्यात काका होता, त्या सगळ्यांत मला एकट्याला ठाऊक होतं की हा दोर आता आखूड पडणार. "दादा, दम घे." एवढेच शब्द. ते माझ्या तोंडात आले होते. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मिटलं. कारण त्या क्षणी मला वाटलं, चुकू दे. एकदा सगळ्यांदेखत, काकादेखत, याचा हात चुकू दे.

हे मी आजवर कुठं लिहिलं नाही. आता लिहिलं आहे, खोडणार नाही.

माझे बारा मोजून झाले तेव्हा दादानं दोर फेकला. वाकला नाही, नुसत्या खांद्यानं फेकला. खुंटी सपाट गेली आणि काकाच्या अलीकडं दोन हातांवर पाण्यात पडली. काका बोऱ्यावर पालथा पडून, हात ताणून तिला धरायला गेला. दोन हात राहिले. ओढून घेईपर्यंत दोर मेलेल्या सापासारखा जड झाला होता. दुसऱ्यांदा चार हात राहिले. तिसऱ्यांदा तर तो निम्म्यातच पडला. मग मी त्याच्या हातातून दोर हिसकावून फेकला, माझाही निम्म्यात पडला. भिजला होता ना. दादा पाण्यात उतरायला लागला, तिघांनी त्याला कमरेला धरून ठेवला. गावातून दुसरा कोरडा दोर आणायला कोणीतरी गेलं होतं, तो आला तेव्हा वरातीमागून घोडं.

मी मोजतच होतो. सगळा वेळ, दोर फेकतानाही, आत कुठंतरी मोजणं चालूच होतं. गाडी उलटली तेव्हा मी तीनशे चाळिसावर होतो.

पांढरे बोरे एकामागून एक वर आले आणि वाहत निघाले. काका वर आला नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या लोकांना तो सापडला.

तीनशे चाळीस. म्हणजे दादानं शंभर मोजेपर्यंत दम घेतला असता, तरी दोनशे चाळीस उरत होते. कोरडा दोर, ताजे गुडघे, आणि दोनशे चाळीस. हा हिशोब मी पंचेचाळीसहून जास्त वर्षं रोज केला आहे आणि तो रोज तितकाच येतो.

गाव दयाळू नसतं. "मानाचा हात ऐन वक्तावर फिरला," असं लोक दादाच्या पाठीमागं म्हणत, आणि दादा पाठीमागचं सगळं ऐकत असे. पुढच्या दिवाळीला पोरं जमली, तो आला नाही. मग ती रीतच आमच्या आळीतून गेली. त्यानं पुन्हा काहीच फेकलं नाही. बैलापुढं पेंढी टाकायची तरी चालत जाऊन हातानं ठेवायचा. ज्वारीवर पाखरं बसली तर टाळ्या वाजवायचा, पण दगड उचलायचा नाही. एकदा मी विचारलं तर हाताकडं पाहत म्हणाला, "हा हात माह्या बापाले पुरला नाही, आता कायले पुरावा?"

तेव्हाच सांगायचं होतं मला. तोच क्षण होता. हाताचा दोष नव्हता रे, कोणाचाही हात आखूडच पडला असता, असं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. तुला कसं ठाऊक? आणि ठाऊक होतं तर गप्प काहून बसला? मी म्हणालो, "जाऊ दे दादा, नशीब." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

काकूनं मला कधी काही विचारलं नाही. पूर्वीसारखीच भाकरी वाढायची, दोघांना सारखी. मला ती गिळवत नसे. शेवटी मी घर सोडून अकोल्याला आलो. रेल्वे आली होती, कापसाच्या गाड्या तिकडं वळल्या होत्या, मला एका वखारीत काटा धरायचं काम मिळालं. ते केलं जन्मभर.

लोकांना वाटतं भूत म्हणजे पांढरं काहीतरी, पिंपळावर बसणारं. माझं भूत भरदिवसा यायचं. वखारीत कोणी पोरगं धावत आलं की माझ्या आत मोजणं सुरू व्हायचं. एक, दोन, तीन. निरोप्या धावत आला, सुरू. माझाच मुलगा शाळेतून पळत आला, सुरू. तो "बाबा, बाबा" करून काही सांगतो आहे, आणि मी त्याच्या छातीकडं बघत मोजतो आहे. बायको म्हणायची, "काय पुटपुटून राहिले जी?" तिला सांगितलं नाही. वखारीतली पोरं ओझी वाहून आल्याबरोबर गाडीवर गाठोडी फेकू लागली की मी खेकसायचो, "थांबा रे, आधी दम घ्या!" मुकादम म्हणे, हा काटेवाला पोरांना आळशी करून राहिला. पोरं मात्र मला भला माणूस समजत. त्याचा मला फार त्रास व्हायचा. परक्या पोरांना जे शंभरदा सांगितलं, ते ज्याला सांगायला हवं होतं त्याला एकदा सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी दादा फार आजारी असल्याचं कळलं. मी आगगाडीनं गेलो, पुढं बैलगाडीनं. काकू कधीच गेली होती. दादा ओसरीवर बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. हाडं उरली होती, पण डोळे तेच. "ये बे," म्हणाला. "भल्ला म्हातारा झालास."

मी बसलो आणि, पुन्हा तोंड मिटेल या भीतीनं, लगेच सांगायला लागलो. बैल सुटल्याची थाप. विहिरीपर्यंत पळणं. शंभर मोजणं. खांद्यावरचा कोरडा दोर. "दम घे" म्हणायला उघडलेलं तोंड. तीनशे चाळीस. आणि शेवटी ते, चुकू दे. सगळं सांगितलं. सांगताना रडलो, लाज वाटली नाही.

दादाचे हात शेंगांवर थांबले होते. "झालं?" त्यानं विचारलं.

"हो."

"दमलो होतो थे मले कळत नव्हतं, असं वाटते तुले? छाती फुटून राहिली होती माही. पन बाप पान्यात, डोळे लावून पाहून राहिला, अन मी काठावर दम घेत उभा राहू? कोनं म्हटलं असतं ना 'थांब', तं थांबलो असतो. माह्यानं आपल्या मनानं थांबवलं नाही."

मी हात जोडले. त्यानं ते खाली केले, जरा जोरातच.

"थ्या दिवसाचं मी तुले काही म्हनत नाही. चवदा वर्साचं पोट्टं होतास, रागावलेलं. पोट्ट्याच्या मनात काय काय येते. पन मंग तरी सांगाचं होतंस. महिन्यानं, वर्सानं, कवाही. गाव म्हने माहा हात फिरला, अन तू बाजूले बसून ऐके. तवाच सांगतलं असतं तं आपन दोघं असतो. चाळीस वर्सं मी येकटाच होतो."

त्यानं आत सुनेला हाक मारली, "याले ताक दे. अन गाडी जुंपाले सांग, याले आगगाडी गाठाची हाय." मग त्यानं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. ताक पिऊन होईपर्यंत मी तिथंच होतो, पण त्यानं वर पाहिलं नाही.

त्याच वर्षी पौषात तो गेला. मला ते अकोल्याच्या बाजारात, आमच्याकडच्या एका गाडीवानाकडून कळलं, तेव्हा महिना उलटून गेला होता. जमिनीवरून कोर्टात भांडलेल्या भावकीलासुद्धा आमच्या गावात तेरवीचं बोलावणं जातं. मला आलं नाही. गाडीवान म्हणाला, दादा स्वतःच तसं सांगून गेला होता.